एक माप मोठी मूठ

१२ सप्टें. २०२१, रविवार

मृणाल गेल्यापासून ही वही बंद होती. आज उघडली, कारण सईनं काहीतरी मागितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी जेवत होतो, ती ताटातला भात इकडून तिकडे करत होती. फोन माझ्यापुढे सरकवला. आइंडहोवनच्या बाहेर एक नेमबाजी क्लब आहे, तिथे मुलांना हवेचं पिस्तूल शिकवतात. त्याच्या मागोमाग मृ.चा एनसीसीतला फोटो. कॉलेजातली मृ., दोन वेण्या, हातात रायफल. "माख इक?" म्हणाली. करू का, एवढंच.

आई गेल्यापासून ती मराठी बोलत नाही. समजतं सगळं, उत्तर डचमधून, नाहीतर इंग्लिशमधून. मी हो म्हटलं. आज तिनं काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

२५ सप्टें., शनि.

पहिला दिवस. शिकवणारा योप, सत्तरीचा, आयुष्यभर लेथवर काम केलेला. क्लबचं पिस्तूल सईला देऊन पाहिलं. हात समोर धरला आणि तिसऱ्या सेकंदाला खाली आला. तेरा वर्षांच्या पोरीचं मनगट इतकं बारीक असतं का? पूर्वी कधी नीट पाहिलं नव्हतं. ते काम मृ.चं होतं.

योप म्हणाला, "पिस्तूल नंतर, आधी हात." कागदावर तिचा पंजा ठेवून पेन्सिल फिरवली. अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजलं. पिस्तुलाची मूठ मापाची असली की बोट आपसूक ट्रिगरवर येतं. मोठी असली की बोट ताणावं लागतं, मग मनगट वळतं आणि नेम जातो. वजन कमी हवं, तेही पुढच्या टोकाला नको. कागदावर मोठ्या अक्षरात XS लिहून दिलं. सगळ्यात लहान माप.

परतताना सई कारमध्ये म्हणाली, "इट वॉज ओके." मला रडू आलं. मास्क होता, तिला दिसलं नसावं.

२९ सप्टें.

एक्सेल केलं. पाच पिस्तुलं, वजन, तोल, ट्रिगर किती मागे येतो, मुठीची मापं. ऑफिसात मशीनचे भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या मापात जुळवतो, दुसरं काही येतही नाही मला. मुलांसाठीचं एक हलकं मॉडेल निवडलं. मृ. असती तर म्हणाली असती, "अरे, पोरीला विचारलंस का?" नाही विचारलं.

३ ऑक्टो., रवि.

पुण्याला सासूबाईंना व्हिडिओ कॉल. सई समोर बसली, मान हलवली, उठून गेली. सासूबाई म्हणाल्या, "किती वाळलीय हो प्रसादराव." मग डोळे पुसून, "जे घ्याल ते वाढत्या अंगाचं घ्या. वर्षात आखूड होतं सगळं."

मृ.चंही तेच. फेब्रुवारीत वडिलांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला निघायच्या आधी सईसाठी सेलमध्ये कोट आणला, निळा, एक माप मोठा. "पुढच्या थंडीत बरोबर होईल." एप्रिलमध्ये कोरोनानं ती तिकडेच गेली. विमानं बंद. अंत्यविधी आम्ही फोनवर पाहिला, मध्येच रेंज गेली.

ऑर्डर दिली. अठरा वर्षांखालच्यांना विकत नाहीत, म्हणून माझ्या नावावर. मूठ S घेतली, एक माप मोठी. वाढतं वय आहे.

२३ ऑक्टो., शनि.

पिस्तूल आलं. ते क्लबच्या कपाटातच राहणार, किल्ली योपकडे. मला तेच बरं वाटतं. त्यानं मूठ हातात घेऊन उलटीपालटी केली, माझ्याकडे पाहिलं. "मी XS लिहिलं होतं." मी म्हटलं, वाढेल ती. त्यानं पिस्तूल सईकडे दिलं.

सगळे छर्रे डावीकडे, खाली.

६ नोव्हें.

डावीकडे, खाली. योप तिच्यापाशी गेला की ती म्हणते, "हूफ्त नीत." गरज नाही. हल्ली जेवणालाही तेच उत्तर. मी बाकावरून सांगत राहिलो, सवय होईल, थोडा जोर लाव. कशाला बोललो.

१३ नोव्हें.

थंडी पडली. निळा कोट काढला. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत. खांदे लोंबतात. पुढची थंडी आली, मृणाल, आणि तुझा कोट अजून मोठाच आहे. हे मी कोणाला सांगू?

१७ नोव्हें.

शाळेच्या नर्सनं पाठवलं म्हणून हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलो. तिनं सईचा वाढीचा आलेख स्क्रीनवर दाखवला. लहानपणापासून छान चढत आलेली रेघ, या वर्षी सपाट. वजनाची तर खाली. असे आलेख मी रोज वाचतो. घरातला वाचला नाही. डॉक्टर म्हणाली, खाणं पुरेसं नसलं की शरीर आधी तग धरतं, वाढणं थांबवतं. पुढे मुलांच्या तज्ज्ञाकडे नाव दिलं आहे, पण कोरोनामुळे वेटिंग लिस्ट काही महिन्यांची. मी विचारलं, पुन्हा वाढेल ना? म्हणाली, खाल्लं तर बहुतेक.

बहुतेक.

सात महिने मी रोज ताट वाढून समोर ठेवत होतो आणि कर्तव्य झालं असं समजत होतो.

२७ नोव्हें., शनि.

सई गेली नाही. दार लावून पडून. दाराबाहेरून विचारलं तर इंग्लिशमध्ये म्हणाली, "मी सगळ्यासाठीच लहान पडते." मग हात बाहेर काढून दाखवला. अंगठ्याच्या बेचक्यात फोड, फुटून लाल झालेला. मोठ्या मुठीवर बोट पोचावं म्हणून पाच आठवडे जीव खाऊन आवळत होती. कोणालाही बोलली नाही. मला वाटलं होतं जोर कमी पडतोय. जोरच जोर होता.

मलम लावलं. लावू दिलं.

४ डिसें.

एकटाच क्लबवर. योपला सगळं सांगितलं, मृ.पासून आलेखापर्यंत, तोडक्यामोडक्या डचमध्ये. तो ऐकत होता. म्हणाला, XS मागवली तर कारखान्यातून यायला तीन-चार महिने. नाहीतर हीच तासू. नुसती मूठ काढून दिली, लाकूड घासायची कानस दिली, दोन प्रकारचा सँडपेपर.

घरी आणून टेबलावर ठेवली. हात लावला नाही. तासलेलं लाकूड परत येत नाही. तासायची म्हणजे सई वाढणार नाही हे मी मान्य करायचं.

११ डिसें.

आठवडाभर मूठ टेबलावर, तिच्या ताटाशेजारी. ताटातलं तसंच. आज सई समोर येऊन बसली, मूठ हातात धरून पाहिली, खाली ठेवली.

"बाबा, मी आत्ता एवढीच आहे."

मराठीत. अगदी मृ.चा आवाज.  कानस घेतली.

१२ डिसें., रवि.

दिवसभर तासत होतो. थोडं घासायचं, तिच्या हातात द्यायचं, ती सांगणार कुठे लागतं. "इथे." "अजून." "बास." दुपारी मऊ भात-मेतकूट केलं, तिनं तीन घास खाल्ले. मी मोजले, आणि मोजतोय हे तिला कळलं, मग थांबली. मोजायला नको होतं.

१८ डिसें., शनि.

क्लब. मूठ बसवली. बोट ट्रिगरवर आपसूक आलं. दहा छर्रे, पसरलेले, पण निशाणाच्या कागदावर मधल्या काळ्या वर्तुळाच्या आसपास. एक अगदी आत. हसली नाही. तो कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

निघताना योपनं मला पुट्टीचा छोटा डबा दिला, लाकडात भरायची. त्याची स्वतःची मूठ दाखवली, निम्मी पुट्टीचीच. "हात वाढला की इथे भरायची." डब्यावर मार्करनं सईचं नाव.

संध्याकाळी टीव्हीवर पत्रकार परिषद. उद्या पहाटेपासून पुन्हा सगळं बंद, निदान १४ जानेवारीपर्यंत. क्लबही. सईनं ऐकलं आणि खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज.

१९ डिसें., रवि.

तज्ज्ञांकडून पत्र नाही. सई सकाळपासून खोलीत. दाराशी भाताची वाटी ठेवली. तासाभरानं वाटी आत गेलेली दिसली. त्यातलं किती खाल्लं जातंय, माहीत नाही. मोजायला जाणार नाही.

योपनं काढलेला पंजाचा कागद फ्रीजवर लावला. पुट्टीचा डबा वरच्या फडताळात, मेतकुटाच्या बरणीशेजारी. झाकण घट्ट आहे. मला या जगात दुसरं काही नको, फक्त ते एकदा उघडायला लागू दे.