पाठीला उशी लावून

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा मोटारींच्या सीटा बांधण्याचा व शिवण्याचा, राहणार वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत; फोम चिकटवायच्या सोल्यूशनचा वास जन्मभर नाकात गेला त्याचे हे फळ, असे डॉक्टर म्हणतात. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. ती हिंमत फक्त माझ्या नवऱ्यात होती, आणि तोही दुसऱ्या दिवशी माघार घ्यायचा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मागे उरणार तो एकटा थोरला, आणि एकट्याला वाटणी कसली करून द्यायची? पण एक गाडी आहे. हा सगळा खटाटोप तिच्यासाठी.

कलम १. वर्कशॉप, मागच्या खोल्या आणि नवऱ्याची सगळी हत्यारे थोरल्या मुलाला. त्याने तयार फोमचे ठोकळे आणून वर कव्हर चढवायचे आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचे, हे माझ्या पश्चात तरी बंद करावे. गिऱ्हाईक बसल्यावर त्याच्या मांडीखाली हात घालून बघावे. हात सहज शिरला तर मांडीला आधार नाही, गादी पुन्हा बांधायची. लाज वाटत असेल तर गिऱ्हाइकाची परवानगी घ्यावी, पण हात घालावा.

कलम २. जाड सुईचे मशीन सूनबाईला. मुद्दाम तिलाच. चामड्यावरची तिची शिलाई माझ्यापेक्षा सरळ येते, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. सासू होते ना. तिने मशीन ठेवावे नाहीतर विकावे, कोणाला विचारत बसू नये. बँकेत जे काही असेल त्यातून दवाखान्याचे भागवून उरेल तेही तिचेच.

कलम ३. गाडी.

ही दोन दारांची, दोन माणसांची, पिवळी, जुनी परदेशी स्पोर्ट गाडी माझ्या नावावर आहे. अशा गाड्या आमच्याकडे पुष्कळ आल्या. दिसायला अप्सरा आणि बसायला शिक्षा. ज्याने त्या आखल्या त्याने आधी बॉडी आखली असावी आणि आत माणूस बसणार हे त्याला मागाहून आठवले असावे. स्टिअरिंग ताटासारखे आडवे आणि हात ताठ करावे लागतील इतके लांब. पेडल समोर नाहीत, चाकाच्या कमानीमुळे मध्याकडे ढकललेली, म्हणून खांदे एकीकडे आणि पाय भलतीकडे. छत डोक्याला घासते. लोक हौसेने गाडी घेतात आणि महिन्याभरात कंबर धरून आमच्या दारात येतात. नवरा सीटचा सांगाडा बदलायचा, मी गादी बांधायचे. यावर आमचा संसार चालला.

ही गाडी माझ्या मोठ्या दिरांची होती. भाऊजी सव्वासहा फूट उंच, त्यामुळे आत मान तिरकी करून बसायचे. त्यांनी नवऱ्याला सीटचे रेल काढायला लावले. सीट ज्यांवरून पुढेमागे सरकते त्या लोखंडी पट्ट्यांना आम्ही रेल म्हणतो. मग सीट थेट फ्लोअरवर, अगदी मागे, बोल्टने आवळली. डोक्यावर दोन इंच जागा मिळाली आणि भाऊजी खूश झाले. मी त्याच दिवशी त्यांना म्हणाले होते, "भाऊजी, ही सीट आता हलायची नाही. तुमच्याशिवाय कुणाला चालवता येणार नाही."

"मग बरंच आहे की वहिनी," ते म्हणाले. "कुणी मागायला येणार नाही."

माझा धाकटा उंचीने माझ्यावर गेला होता. घरात त्याला सगळे पावशेर म्हणायचे. तो एकवीस वर्षांचा असताना भाऊजी मित्रांबरोबर टेकडीवरच्या हॉटेलात जेवायला गेले आणि तिथे त्यांनी जरा जास्तच घेतली. त्यांनी पावशेरला बोलावून घेतले, त्याच्या हातात किल्ली दिली आणि स्वतः मित्राच्या गाडीतून घरी निघाले. पुढचे मला हॉटेलच्या वॉचमनने सांगितले. तो समोर उभा होता.

"पोरगं म्हणालं, काका, पाय पोचत नाहीत, सीट सरकत नाही. साहेब म्हणाले, पाठीला उशी लाव आणि ये हळूहळू. उशी मीच आणून दिली बाई, सोफ्यावरची."

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. ब्रेक जोरात दाबला की पाठ तेवढ्याच जोराने मागे रेटली जाते. मागे घट्ट सीट असेल तर सगळा जोर पेडलवर पडतो. मागे मऊ उशी असेल तर ती दबते, माणूस मागे जातो आणि त्याच्याबरोबर पायही. जुन्या गाडीचा ब्रेक तर पार खाली गेल्याशिवाय धरत नाही. म्हणून आमच्याकडे सीट बसवली की पहिली परीक्षा एकच: ब्रेक तळापर्यंत दाबायचा, आणि तरीही गुडघा वाकलेला राहिला पाहिजे. पावशेरला हे पाठ होते. मोठ्या काकाला नाही म्हणणे त्याला जमले नाही.

उतारावरच्या दुसऱ्या वळणावर तो गेला.

पंचनाम्यात "भरधाव वेग" असे लिहिले आहे. भाऊजींनी जबाब दिला, मुलगा तरुण होता, त्याला वेगाची आवड होती. माझ्या मुलाला वेगाची आवड नव्हती. त्याला झोपेची आवड होती. वॉचमनचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही. मी भाऊजींना दोनदा सांगितले की जबाब बदला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "वहिनी, आता उगाळून काय होणार?" तिसऱ्यांदा मी गेले नाही. त्यांच्या घरचे पाणीही घेतले नाही.

भाऊजींना ती मोडकी गाडी डोळ्यांसमोर नको होती. त्यांनी ती भंगाराच्या भावात माझ्या नवऱ्याच्या नावे करून दिली. नवऱ्याने ती एकेक पत्रा ठोकून पुन्हा उभी केली. का, ते त्याने कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. माणसाला कुठेतरी हात चालवावे लागतात. सीटला मात्र आम्ही दोघांनीही हात लावला नाही. नवरा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली.

यंदा माझे दुखणे वाढल्याचे कळले तेव्हा भाऊजी आले. आता ऐंशीचे आहेत, पण ताठ. म्हणाले, "माझी नात गाडी शिकलीय. तुमच्यामागे ही तिला द्या. थोरल्याला त्यात रस नाही."

मी म्हटले, "देईन. पण सीट बदलावी लागेल. पोरगी माझ्याएवढी आहे."

"सीटला हात लावू नका, ती माझ्या मापाची आहे. मीही बसेन कधीतरी. ती बसेल पाठीला उशी लावून."

हे वाक्य त्यांनी माझ्या खोलीत, माझ्या खाटेशी उभे राहून म्हटले. मला वाटले, माणूस मुद्दाम बोलतो आहे. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मुद्दाम नव्हते. भरधाव वेग, भरधाव वेग असे इतकी वर्षे म्हणता म्हणता त्यांना ते खरेच वाटू लागले होते. आणि वेगानेच पोरगा गेला असेल तर सीट कशाला बदलायची? एक पोर त्या सीटवर गेले, आता दुसरे बसणार. मला त्या रात्री धाप लागली ती फुप्फुसांमुळे नव्हे.

म्हणून, माझ्या हातात जीव आहे तोवर मी खालील काम उरकले आहे. नातीला बोलावून तिची मापे घेतली. थोरल्याने बोल्ट काढले, तेवढ्यासाठी त्याच्या सगळ्या ठोकळ्यांची मी त्याला माफी देते. रेल नवे बसवले, सांगाडा वर उचलला, पाठ घट्ट भरली. शिलाई सूनबाईने केली. मी शेजारी ऑक्सिजनची नळी लावून बसले आणि चुका काढल्या, ज्या नव्हत्या.

ही गाडी मी भाऊजींच्या नातीला देते. अट एकच. सीट पुन्हा खाली बसवायची नाही आणि गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात देताना त्या माणसाने आधी ब्रेक तळापर्यंत दाबून दाखवायचा, मग तो कितीही मोठा असो. ही अट मोडल्यास गाडी सूनबाईची, आणि तिने ती कापून भंगारात द्यावी.

कलम ४. हे कागद रजिस्टर होणार आहेत. पंचनामा बदलणे माझ्या हातात नव्हते. हा कागद माझा आहे. म्हणून इथे लिहून ठेवते: माझा धाकटा मुलगा वेगात नव्हता. त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचला नाही.

कलम ५. हे कलम आज वाढवले. सकाळी भाऊजी नातीला घेऊन आले. ते आधी स्वतः बसायला गेले. हनुवटी छातीला टेकली तरी दार लागेना. ते उतरले. मग नात बसली. मी म्हटले, "दाब." तिने ब्रेक पार खाली नेला. भाऊजी दारापाशी वाकून तिच्या पायाकडे बघत राहिले.

"त्याचाही गुडघा असाच वाकायला हवा होता?" त्यांनी विचारले.

"हो."

ते खोलीत आले, चष्मा लावला आणि वरचे सगळे कागद वाचले. एक पान त्यांनी दोनदा वाचले. वकीलबाई दुसरा साक्षीदार शोधत होत्या. भाऊजी म्हणाले, "मी करतो सही." मी एरवी त्यांना कुठल्याच गोष्टीसाठी बोलावले नसते, पण नको म्हणाले नाही. वकीलबाईंनी समजावले की साक्षीदार फक्त सही पाहिल्याची साक्ष देतो, मजकुराची नाही.

भाऊजी म्हणाले, "मजकुराचीही लिहा."

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: समोरचा टायरवाला. यांनी माझ्यासमक्ष सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: लिहून देणाऱ्यांचा मोठा दीर. यांनी माझ्यासमक्ष सही केली. कलम ३ व ४ मधील मजकूर खरा आहे. उशी लाव असे मी सांगितले होते. (सही)

ठिकाण: वर्कशॉपच्या मागची खोली
दिनांक: अकरा जून