डोळे मिटून हात वर

सोमवार, १२ मे
आपली कोरियाची राज्यघटना भन्नाट आहे! चो बाईंनी नागरिकशास्त्राच्या तासाला बारावं कलम शिकवलं — स्वतःविरुद्ध बोलायला कोणी जबरदस्ती करू शकत नाही. आणि नुसत्या कबुलीवर शिक्षा नाही, पुरावा हवा!
"बाई, हे आम्हालापण?"
"वयाची अट कुठे वाचलीस?"
घरी येऊन आईला सगळं ऐकवलं. "आधी खोली आवर. त्याला कलम लागत नाही."

मंगळवार, १३ मे
सकाळी जमा केलेल्या फोनच्या पिशवीतून एक फोन गायब! आमचे वर्गशिक्षक मा सर, त्यांचं नेहमीचंच — "डोळे मिटा. ज्याने घेतला त्याने हात वर करा. तोवर कोणी घरी जाणार नाही." बसलो मिटून. मान अवघडली, पोटात कावळे. शेवटी सर म्हणाले, "कळलं मला. जा." आणि ग्यूदामला थांबवलं. माझ्या शेजारी बसतो तो. गेल्या वर्षी त्याने शाळेच्या दुकानातून पाव उचलला होता, ते अख्ख्या शाळेला ठाऊक.

बुधवार, १४ मे
ग्यूदाम रिले शर्यतीतून बाहेर! शुक्रवारी शिस्त समितीपुढे उभं करणार. जेवायला एकटाच बसला होता. मी ताट घेऊन समोर बसले.
"घेतलास?"
"नाही."
"मग हात कशाला वर केलास, बावळटा?"
"बहिणीला पाळणाघरातून आणायचं होतं. उशीर झाला की बंद होतं ते."
कोंडून ठेवून घेतलेली कबुली! बारावं कलम! मी जवळजवळ ओरडलेच.
"जेव आधी. सूप गार झालं."

गुरुवार, १५ मे
आरशासमोर भाषण. आवाज चिरकतो.

शुक्रवार, १६ मे
जिंकलो!!! वर्गसभेत उभी राहिले. म्हटलं, "त्याचं दप्तर तपासलंत, फोन मिळाला नाही. मग पुरावा कुठाय?"
मा सर लालबुंद. "हे कोर्ट नाही, वर्ग आहे."
"मग शिकलेलं वापरायचं कुठे, सर?"
मागच्या बाकांवरून टाळ्या! सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग — "पळू दे त्याला. समितीकडे नाव देत नाही." जेवताना ग्यूदामने आपलं दही माझ्या ताटात ठेवलं. मला आज उडता येईल!

शनिवार, १७ मे
वर्गमैत्रीण येसोलबरोबर टपरीवरची तिखट तोकबोक्की खाल्ली. निम्मी संपल्यावर ती हळूच म्हणाली, "अगं, मंगळवारी हात मीही वर केला होता. शिकवणीची बस चुकत होती. मला का नाही थांबवलं सरांनी?"
येसोल वर्गात पहिली येते.