मैदानाचा अर्ज

सचिन, सुरत
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
जागृतीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हो हो करतोस आणि मागून वहिनी सांगते, यांना काही ऐकू आलेलं नाही. तीस वर्षं इथे सचिनमध्ये कापडाच्या लूमच्या खडखडाटाला कान देऊन गावी गेलास, म्हणून पुन्हा पत्रच.

बातमी एकच. सोसायटीमागचं मैदान बंद झालं. आपला धाकटा भूपेंद्र आणि त्याचे मित्र दर रविवारी तिथे जीप पळवायचे, हे तुला ठाऊक आहेच. आठवडाभर पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये मशीन दुरुस्त करणारा माणूस रविवारी भंगारातून जुळवलेली जीप मुद्दाम खड्ड्यात घालतो आणि बाहेर काढतो, यातलं सुख मला कधी कळलं नाही. धूळ मात्र कळत होती. शेजारच्या चंद्रभागाकाकूंना दमा आहे. रविवारी त्या दारं-खिडक्या लावून बसायच्या. रहिवाशांनी मामलतदार कचेरीत अर्ज दिला. आता मैदानाभोवती चर खणलाय.

दादा, तो अर्ज मी लिहिला. इथे सगळ्यांचे अर्ज मीच लिहिते, तसाच. खाली नाव नाही, नुसतं ‘समस्त रहिवासी’. भूपेंद्र समोरच्याच इमारतीत राहतो. देण्याआधी त्याच्याशी बोलायला हवं होतं. आधी जमलं नाही, आणि आता जीभ उचलत नाही. तू काही बोलू नकोस. मीच सांगेन.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे.

तुझी
जागृती


पारोळे
२५ जानेवारी २०२५

चि. जागृतीस,
बाजीरावचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. मास्तरीणबाई, भूपेंद्रने शाळा बुडवली की रजेचा अर्ज तूच लिहायचीस. पोटदुखी इतकी झकास लिहायचीस की गुरुजी त्याला घरी बघायला यायचे आणि हा चिंचेवर सापडायचा. आता त्याच्याच विरुद्ध लिहिलंस म्हटल्यावर दोन दिवस रुसेल. रुसू दे.

काकूंच्या छातीपुढे जीप मोठी नाही, हे मलाही पटतं. पण बैल बांधून ठेवला म्हणून त्याची उडी मरत नाही, तो दावं तोडतो. त्या लोकांना दुसरी जागा कोणती, हे कुणी सांगितलं का?

मी बोलणार नाही. पण अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या आत तू सांग. वहिनीने कळण्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलंय, आखाजीला ये आणि घेऊन जा.

आठवण ठेवत जा.

तुझा
दादा


सचिन, सुरत
२० जुलै २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

भूपेंद्रला जाऊन आज आठ आठवडे झाले. तेराव्यानंतर तू गावी परतलास, तेव्हापासून रोज पत्र सुरू करते आणि फाडते.

महेश, त्याचा मित्र, परवा सगळं नीट सांगून गेला. मैदान बंद. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेली की पोलीस उचलतात. नदीच्या पात्रात मनाई. मग हे खाडीच्या दलदलीत जाऊ लागले, तिथे अडवणारं कुणी नव्हतं. त्या रविवारी अमावास्या जवळ आली होती, भरती मोठी. जीप रुतली. बाकीचे वर आले. तो जीपला दोर बांधत राहिला. स्वतः जुळवलेली होती ना.

आता मित्रांनी मागणी केली आहे की सुरतेत एक तरी जागा कायदेशीर द्या. एकोणीस ऑगस्टला मामलतदार कचेरीत त्यावर सुनावणी आहे. त्यासाठीचा कोरा कागद घेऊन भूपेंद्रची सोनाली माझ्याकडे आली. म्हणाली, ते नेहमी सांगायचे, अर्ज लिहावा तर आक्कानेच. दादा, मी कागद घेतला. आपल्या नवऱ्याचं मैदान कुणी बंद केलं हे त्या पोरीला माहीत नाही, आणि मी कागद घेतला.

जुन्या अर्जाची प्रत पुन्हा पुन्हा वाचते. त्यात एकही वाक्य खोटं नाही. काकू आता सकाळी ओट्यावर बसतात, हेही खरं आहे. पण तू विचारलेला प्रश्न, दुसरी जागा कोणती, तो त्यात कुठेच नाही. आणि आखाजी येऊन गेली तरी मी त्याला सांगितलं नाही. कुणी लिहिलं हे न कळताच तो गेला.

तुझ्या लोभाला मी पात्र आहे की नाही, तूच ठरव.

जागृती


पारोळे
२ ऑगस्ट २०२५

चि. जागृतीस,
अ. उ. आ.

तो न कळता गेला नाही.

आखाजीला तू आली नाहीस, तो आला होता. शेतात बसलो असताना त्याने सांगितलं. मैदान का बंद झालं हे विचारायला हे लोक कचेरीत गेले, तेव्हा कारकुनाने अर्ज दाखवला. अर्ज गुजरातीत, पण तुझा हात मराठी शाळेतला. गुजराती अक्षरांवर रेघ नसते, तू मात्र सवयीने ओळभर ओढतेस. त्याने लगेच ओळखलं. मित्रांनी विचारलं तर म्हणाला, अक्षर ओळखीचं नाही.

मी विचारलं, राग आला का? म्हणाला, आला होता, चार दिवस. मग काकूंना जिन्यात धापा टाकताना पाहिलं. तुला सांगू नको म्हणून त्याने मला शपथ घातली. म्हणाला, आक्काला कळलं तर ती शरमेने लोकांचे अर्ज लिहिणं सोडेल. तिची तीच सांगेल, तोवर चालशे, चालेल.

तुम्ही दोघांनी मला गप्प बसवलं आणि मी बसलो. कान गेले होते जागृती, तोंड तर शाबूत होतं. एक शब्द बोललो असतो तर तुम्ही दोघं भांडला असतात, आणि दोघांनी मिळून कुठेतरी जागा मागितली असती. हे मला आता रोज आठवतं.

सोनालीला त्याने सांगितलेलं नाही. ते तुझं काम.

माझाही लोभ तपासून घे.

दादा


सचिन, सुरत
२४ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अर्ज लिहिण्याआधी सोनालीला सांगितलं. ती भूपेंद्रच्या मिलच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातल्या शर्टाची घडी तिने पुरी केली, माझ्याकडून कागद परत घेतला आणि आत गेली. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी तोच कागद माझ्या दाराच्या कडीत अडकवलेला होता. खाली तिची सही, वर सगळं कोरं.

सुनावणीला बरीच गर्दी होती. गुरं चारणारे म्हणाले, गायरान देणार नाही. एका प्राध्यापकांनी विचारलं, चार जणांच्या हौसेला सरकारी जमीन का? महेश म्हणाला, साहेब, जिथे नाही ती प्रत्येक जागा सांगता, जिथे आहे ती एक सांगा. काकूही आल्या होत्या. म्हणाल्या, द्या जागा, पण माझ्या खिडकीखाली नको.

मी अर्ज वाचला. घरांपासून लांब, कुंपण घातलेली, भरतीचं पाणी न येणारी जागा द्या. त्यातच लिहिलं, मैदान बंद करण्याचा अर्ज माझाच होता, त्यातली तक्रार आजही खरी आहे, पण तो अपुरा होता. खाली नाव घातलं, जागृती, भूपेंद्रची मोठी बहीण. साहेब म्हणाले, जागा पाहून कळवू. कळवतील की नाही, सांगता येत नाही.

सोनाली शेवटच्या रांगेत बसली होती. माझं वाचून झाल्यावर उठून गेली. एकाच रिक्षाने परतता आलं असतं. समोरासमोर राहतो, पण अजून तिने मान वर केलेली नाही. मीही घाई करत नाही.

घरी येऊन प्रत पाहिली. सगळ्या ओळींवर रेघ ओढलेली. हात थांबला नव्हता. पहिल्यांदा वाटलं, चला, कुणीतरी ओळखेल. मग आठवलं, ओळखणारा तो एकच होता.

तुझा लोभ मी तपासला. आधी तो आम्हा दोघांत वाटला जायचा, आता माझ्या एकटीचाच आहे, म्हणून जपून ठेव.

तुझी
जागृती