हिम खलास

तबूक,
६ जानेवारी १९९१

ती. नाना यांस,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात). तुमचा दमा आणि वहिनींचा मोतीबिंदू कसा आहे ते कळवा. इकडे शर्मिलाची तब्येत उत्तम. सातवा सरत आला, आणि बाळ पोटात अशा लाथा मारतं की आपल्याच घराण्यावर जाणार हे नक्की.

तुमचं पत्र पोचलं. 'युद्ध तोंडावर आलं आहे, पाय न आपटता पहिल्या विमानाने परत ये,' हे वाक्य एकसष्ट वर्षांच्या निवृत्त उपप्राचार्य बाईला कुणी लिहितं का, नाना? वर त्याची नक्कल जावयाला! विजयकुमारांना तेवढंच निमित्त हवं होतं. इथे तुमची काळजीच जास्त, आई, असं म्हणून त्यांनी माझ्या दहा तारखेच्या तिकिटाची खटपट सुरू केली. मी लेकीच्या बाळंतपणाला आले आहे, बाळ मार्चमध्ये येणार, आणि मला जानेवारीत घालवून देणार. एनसीसीच्या चाळीस मुली मनालीच्या बर्फातून धडधाकट परत आणणारी मी, आणि काळजी माझी! (स्वतः विजयकुमार गॅसचा मुखवटा न्हाणीघरातसुद्धा खुंटीला लावून अंघोळ करतात.)

मग निरोपाची मेजवानी म्हणून शुक्रवारी बर्फ दाखवायला नेलं. हसू नका. सौदीत बर्फ असतो हे कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मलाही शिकवलं नव्हतं, पण इथल्या लौझच्या डोंगरावर हिवाळ्यात पडतो, आणि विजयकुमारांच्या कंपनीचं रस्त्याचं काम त्याच्याच पायथ्याशी चालतं. जीप चालवायला हैदराबादचा जमालुद्दीन. वाटेत मी सगळ्यांना हिमस्खलन समजावून सांगू लागले. वाऱ्याने एका बाजूला साचवलेला बर्फ फसवा असतो, उतारावरून एकेकानेच जायचं, बाकीच्यांनी आडोशाला थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, आणि घळीत तर उभंच राहायचं नाही, कारण तिथे थोडा बर्फ आला तरी माणूस गाडला जातो. विजयकुमारांचं म्हणणं, बर्फात मोठ्याने बोलू नये, आवाजाने तो कोसळतो. मी म्हटलं, आवाजाने काही होत नाही, वजनाने होतं. हे चालू असताना जमालुद्दीनने शांतपणे जीप वळवली. 'हिमस्खलन' त्याने 'हिम खलास' असं ऐकलं होतं. बर्फ संपला तर जायचं कशाला, असा त्याचा बिनतोड प्रश्न.

पोचलो. शर्मिलाला थर्मास देऊन जीपमध्येच बसवलं आणि मी पिशवीतून लाल नाड्यांची गुंडी काढली. होय, परकराच्या. माणूस बर्फाखाली गेला तरी हलकी दोरी बऱ्याचदा वर राहते, ती धरून खणत जायचं, हे मनालीला शिकवलं होतं. नाड्या एकमेकींना गाठी मारून जोडल्या आणि मी तीन लांब शेपट्या केल्या. जमालुद्दीनने लगेच कमरेला बांधली. विजयकुमार म्हणाले, मी इंजिनियर आहे, परकराची नाडी ओढत फिरणार नाही. शर्मिला जीपमधून म्हणाली, "अहो, बांधा. मुखवटा नाही का घेऊन फिरत, न आलेल्या गॅससाठी?" बांधली.

मी वरच्या कडेवर घट्ट जागा बघून उभी राहिले. विजयकुमारांना खडकापाशी थांबा म्हटलं होतं, तर ते माझा फोटो काढायला थेट घळीत उतरून उकिडवे बसले. तिथून ओरडून सांगतात काय, तर तिकीट पक्कं झालं, दहा तारखेचं. आणि तेवढ्यात (कसं, ते राहू द्या) माझ्या पुढचा बर्फ चादरीसारखा सुटला. अगदी थोडा, पण घळीला तेवढा पुरला. जावई दिसेनासे झाले. दिसत होती फक्त लाल नाडी.

नाना, त्या क्षणी माझे गुडघे कुठे गेले कोण जाणे. मी खाली होते, जमालुद्दीनही, आणि पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाने आम्ही नाडीच्या मागोमाग खणत होतो. आधी टोपी आली, मग मिशा. जमालुद्दीन एवढा हरखला की म्हणाला, "मॅडम, अब हिम सचमुच खलास!" विजयकुमारांनी तोंडातला बर्फ थुंकला, कॅमेरा आणि मुखवटा दोन्ही बर्फाखाली गेल्याचं पाहिलं आणि नाडी हातात गच्च धरून म्हणाले, "आई, मार्चपर्यंत जाऊ नका."

शर्मिला जीपमध्ये आधी रडली आणि मग इतकी हसली की मलाच बाळाची काळजी वाटली. परत येताना विजयकुमारांनी नाडी काही सोडली नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची
विभावरी

ता. क. हे पत्र आणणारे राजाभाऊ विजयकुमारांच्या कचेरीतले. युद्धाला भिऊन परत चालले आहेत, माझ्या रद्द झालेल्या जागेवर. त्यांना जेवू घाला.

ता. क. २ राजाभाऊंचा भाऊ महिनाअखेरीला इकडे येणार आहे. त्याच्याबरोबर सुती लाल नाड्यांच्या चार गुंड्या पाठवा, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसले. माझे सगळे परकर सध्या सेफ्टी पिनांवर आहेत आणि कॉलनीतल्या बायकाही नाड्या मागताहेत.

ता. क. ३ बर्फ नेमका तेव्हाच कसा सुटला, हे विजयकुमार अजून सगळ्यांना विचारतात. तुम्ही विचारू नका. तिकीट पक्कं झालं म्हटल्यावर मी पाय आपटला होता.