न्हाणीघराच्या कडीची बंदूक

१८ मार्च, सोमवार
आज सिक्युरिटी एजन्सीने माझी बंदूक काढून घेतली. निवडणूक संपेपर्यंत बंदूकबंदी. खास परवाना आला की परत देऊ म्हणाले. मनिलाहून कागद कधी निघणार, कधी पोचणार, विचारलं तर साहेब पंखा बघत बसले. अकरा वर्षं ती बंदूक माझ्या खांद्यावर होती आणि एकदाही उडवायची वेळ आली नाही. माझी जरब काय आहे ते यावरूनच कळावं.

आमचं दुकान दागिने गहाण ठेवून घेण्याचं. दारात गार्ड रिकाम्या हाताने उभा राहिला तर शोभेल का? दुपारी मालकीणबाई फ्लॉर्देलिझा स्वतः बाजारात गेल्या आणि खेळण्यातली बंदूक घेऊन आल्या. म्हणाल्या, लांबून कोण बघतंय डोमेंग, तू नुसता उभा राहा.

बंदूक प्लॅस्टिकची. नळीचं टोक नारिंगी. चाप ओढला की ट्यूं ट्यूं, लाल दिवा, आणि आतून एक बाई इंग्रजीत फायर फायर ओरडते. वजन पाववड्याएवढंही नाही, नुसत्या पावाएवढं.

समोर औषधाच्या दुकानावर आमच्याच एजन्सीचा सेब्यो गार्ड असतो. त्याचीही बंदूक गेली, त्याच्याकडे आता फक्त शिट्टी. तरी तो पोट धरून हसला. मी दुर्लक्ष केलं. संध्याकाळपर्यंत करत होतो.

२० मार्च, बुधवार
निश्चय. या बंदुकीची खरी बंदूक करायची. दिसायला, धरायला, ऐकायला. निवडणुकीनंतर एजन्सी हेड गार्ड नेमणार आहे, तेव्हा कोण शिट्टी घेऊन बसला आणि कोणी डोकं चालवलं हे दिसेलच.

जीपनी गाड्या रंगवतात त्या गॅरेजातून काळा रंग आणला. दोन हात दिले. नारिंगी टोक गेलं. आत कापूस कोंबला, ती बाई गप्प झाली.

मिंडाला दाखवली. बायको असून कौतुक नाही. म्हणाली, खेळण्यातल्या बंदुकीलाही बंदी आहे, नाक्यावर पोलीस धरतात. मी समजावलं, बंदी गुंडांसाठी असते. गणवेशातला माणूस आणि गुंड यातला फरक पोलिसांना कळतो. ती म्हणाली, गुंडांना कळतो का ते बघ. तिला या धंद्यातलं काही कळत नाही.

२२ मार्च, शुक्रवार
वजनाचा प्रश्न सुटला. सरोवरावरच्या कोळ्यांकडून जाळ्याला लावायचं शिसं आणलं आणि पोटात भरलं. थोडं जास्त झालं. दस्ता तडकला, त्यावर काळी पट्टी गुंडाळली. त्यामुळे उलट जुनी, अनुभवी बंदूक वाटते.

मालकीणबाईंनी विचारलं, वाकडा का उभा आहेस? म्हणालो, मॅडम, ही पोझिशन आहे. खांद्याला मिंडाने तेल चोळलं. चोळताना बोलत होती, मी ऐकलं नाही.

२४ मार्च, रविवार
चर्चमध्ये मिस्साला गेलो नाही. आवाजावर काम.

लोक समजतात, बंदुकीचा आवाज म्हणजे धाड. साफ चूक. गार्डला धाडची गरजच नसते. गोळी भरताना नळीखालची मूठ मागेपुढे ओढली की जो आवाज होतो, चॅक-चॅक, तो ऐकून चोराच्या तोंडचं पाणी पळतं. गोळी फुकट जात नाही, कोणी मरत नाही. तेव्हा चॅक-चॅक हवं.

सकाळपासून घरातलं सगळं वाजवून पाहिलं. भाताच्या कुकरचं झाकण, नाही. शिवणयंत्राची पेटी, नाही. छत्री, जवळजवळ. मग न्हाणीघरात गेलो आणि आतून कडी लावली. लोखंडी सरकती कडी. चॅक. अंगावर काटा आला. मी आत उभा राहून लावली, काढली, लावली, काढली. बाहेरून मिंडा विचारत होती, पोट बिघडलंय का.

दुपारी कडी काढून बंदुकीत बसवली. हुबेहूब.

न्हाणीघराचं दार आता लागत नाही. नियम केला आहे, आत असताना गाणं म्हणायचं. मिंडा म्हणाली, माझी आई आली आहे, तिला एकच गाणं येतं आणि ते प्रेतयात्रेचं आहे. मी म्हणालो, काही दिवसांचा प्रश्न आहे.

२६ मार्च, मंगळवार
पहिली चाचणी. सेब्यो कॉफी घेऊन रस्ता ओलांडत होता. मी मागून चॅक-चॅक केलं. कॉफी रस्त्यावर, सेब्यो उकिडवा. उठला तो पांढराफटक. म्हणाला, अरे ही कुठून आणलीस?

खरं तर मी सांगणारच होतो. पण त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते अकरा वर्षांत दिसलं नव्हतं. म्हणून म्हणालो, वरून खास परवानगी आली. सगळ्यांना नसते.

सेब्योच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळी ट्रायसिकल रिक्षावाले मला सलाम करत होते. साऱ्या बाजारपेठेत बंदूक फक्त डोमेंगकडे आहे, असं कोळणीसुद्धा म्हणत होत्या. मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. मान हलवली.

२९ मार्च, शुक्रवार
बंदूक रोज घरी नेतो. कडीला तेल द्यावं लागतं, आवाज बसतो. मालकीणबाई म्हणाल्या, दुकानात ठेव की. त्यांना म्हणालो, हत्यार गार्डपासून दूर ठेवू नये. हत्यार म्हणालो. सहज तोंडून गेलं.

२ एप्रिल, मंगळवार
दोन माणसं मोटरसायकलवर. दोघांनी हेल्मेट घातलेलं, काच खाली. दुकानासमोरून हळू गेले, वळून परत आले. दुकानाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. बंदुकीकडे पाहिलं. मी एक चॅक-चॅक केलं. निघून गेले.

यश. दरारा म्हणतात तो हा.

घरी सांगितलं तर मिंडाच्या हातातली पळी खाली पडली. म्हणाली, ते दुकान बघायला नाही आले, तुला बघायला आले. आज गावात कुणाकडे बंदूक नाही, सगळ्यांच्या काढून घेतल्या. अशा दिवसांत बंदूक म्हणजे सोनं, आणि तू ते खांद्यावर टाकून एकटा भातगिरणीच्या वाटेने येतोस. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

सासूबाई न्हाणीघरात होत्या. प्रेतयात्रेचं गाणं चालू होतं. वातावरणाचा मिंडावर परिणाम झाला असावा.

४ एप्रिल, गुरुवार
मोटरसायकलवाल्यांपैकी एक दुकानात आला. हेल्मेट काढून. साधा पोरगेला माणूस, गालावर खळी. आईची अंगठी गहाण टाकायची आहे म्हणाला, पण अंगठी आणली नव्हती. मग माझ्याशी बोलत बसला. म्हणाला, दादा, खरी आहे? मी म्हणालो, हात लावून बघ, पुन्हा कशाला हात लावता येणार नाही. तो हसला. कौतुकाने विचारत होता, जड असेल ना, घरी पण नेता का, कुठून जाता, सकाळी किती लवकर निघता. सगळं सांगितलं. लोकांशी नम्रपणे वागावं, हे एजन्सीच्या नियमातच आहे.

कित्येक वर्षांत कोणी माझ्या कामाबद्दल इतकं विचारलं नव्हतं.

५ एप्रिल, शुक्रवार
सकाळी उठलो तर बंदुकीचं टोक नारिंगी. मिंडाने नखांचा रंग लावला. म्हणाली, निदान लांबून तरी कळू दे की खेळणं आहे.  सुरीने खरवडून काढला. ती दारात उभी राहून बघत होती. जेवणाचा डबा दिला नाही.

दिवसभर उपाशी. चिडचिड. मोटरसायकलचा आवाज आला की दचकत होतो. उपासामुळे असणार.

८ एप्रिल, सोमवार
मोटरसायकल सकाळी. मोटरसायकल दुपारी. आज मी चॅक-चॅक केलं तर मागचा माणूस हात हलवून गेला.

निश्चय: उद्यापासून मोठ्या रस्त्याने घरी जायचं. घाबरून नाही. व्यायाम.

९ एप्रिल, मंगळवार
मोठा रस्ता लांब पडतो आणि तिथे पोलिसांचा नाका आहे. नाक्यावर उगाच प्रश्न विचारतात. पुन्हा गिरणीची वाट.

मिंडा आता रोज सकाळी माझ्या मागून येते. पंधरा-वीस हात अंतर ठेवून. म्हणते, केळी तळायचं सामान घ्यायला बाजारात जायचंच असतं. इतक्या सकाळी केळीवाला उठलेलासुद्धा नसतो. मला ओशाळं वाटतं. गार्डच्या मागे गार्ड.

१० एप्रिल, बुधवार
रात्रभर झोप नाही. खरं तर एक शब्द बोललो की संपलं. सेब्योला सांगायचं, गंमत होती रे. उद्या सांगतो.

११ एप्रिल, गुरुवार
सांगायला गेलो होतो. पण सेब्योने त्याच्या पुतण्याला आणलं होतं, मला दाखवायला. म्हणाला, हे आपल्या गावचे एकमेव हत्यारबंद गार्ड. पुतण्याने माझा हात कपाळाला लावला, मोठ्या माणसांचा लावतात तसा.

सोमवारी सांगतो.

१२ एप्रिल, शुक्रवार. दुपार
डावा हात प्लॅस्टरमध्ये. उजव्याने लिहितो आहे. सगळं नीट नोंदवून ठेवलं पाहिजे, लोक भलतंच सांगतील.

सकाळी गिरणीच्या वळणावर मोटरसायकल आडवी. खळीवाला उतरला. हातात पिस्तूल. म्हणाला, दादा, बंदूक खाली ठेवा आणि घरी जा, तुमच्याशी आमचं वैर नाही.

मी चॅक-चॅक केलं. दोघेही दोन पावलं मागे सरकले. हे लिहिलंच पाहिजे. सरकले.

मग त्याने पिस्तुलाचा घोडा मागे ओढला. आवाज अगदी बारीक असतो. सुपारी फोडल्यासारखा. मी इतके दिवस उगाच जाड आवाजाच्या मागे होतो. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं.

मला सगळं स्वच्छ कळत होतं. खेळणं आहे, एवढं म्हटलं की सुटलो. शब्द जिभेवर होता. पण जीभ उचलेना. त्याने नळी धरून ओढली, मी दस्ता धरून ठेवला. आम्ही रस्त्यात गोल फिरत होतो आणि पिस्तूल माझ्या बरगडीला लागलेलं होतं. दुसऱ्याने काठीने माझ्या हातावर मारलं. तरी सोडली नाही.

तेवढ्यात मागून मिंडा धावत आली. केस सुटलेले, एका पायात चप्पल. ओरडत होती, अरे सोडा त्याला, खेळण्यातली आहे ती, बॅटरीवर चालते, आमच्या न्हाणीघराची कडी आहे त्यात.

दोघे थांबले. खळीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. विचारलं, काय हो दादा?

आणि मी म्हणालो, ती खोटं बोलते, खरी आहे.

तो मिंडाला म्हणाला, वहिनी, पुरुषाला माहीत असतं. पिस्तुलाचा दस्ता माझ्या मनगटावर हाणला, बंदूक घेतली आणि गेले.

दवाखान्यापर्यंत मिंडाने मला धरून नेलं. एक शब्द बोलली नाही. धक्का बसला असेल. मी सांगितलं, दोन पावलं मागे सरकले, पाहिलंस ना?

१४ एप्रिल, रविवार
चोर सापडले. नाक्यावर, त्याच दिवशी. पोत्यातून माझ्या बंदुकीची नळी बाहेर दिसत होती, पोलिसांना ती लांबूनही खरी वाटली. म्हणजे विचार केला तर ते माझ्यामुळेच पकडले गेले. चौकीत बोलावणं आहे. सत्कार वगैरे असू शकेल. गणवेशाला इस्त्री करायला मिंडाला सांगितलं. तिने इस्त्री माझ्यासमोर ठेवली आणि निघून गेली.

१५ एप्रिल, सोमवार
चौकीत सेब्यो, मालकीणबाई, एजन्सीचे साहेब, सगळे आले होते. मिंडा भिंतीला टेकून उभी होती. हवालदाराने बंदूक टेबलावर ठेवली आणि चाप ओढला. कापूस कधीतरी गळून पडला असावा. ट्यूं ट्यूं. लाल दिवा. फायर फायर.

हसता हसता एकाला ठसका लागला. हवालदार म्हणाला, खटला तुझ्यावरही भरायला हवा, पण कागदावर काय लिहू, एक नग खेळणं? उचल हे आणि जा घरी. गजांआडून खळीवाला म्हणाला, दादा, आधी सांगायचंत ना. वहिनी तर सांगत होत्या.

एकटी मिंडा हसली नाही.

एजन्सीचे परवाने आलेत. बंदूक सेब्योला मिळाली, मला नाही. तो माझ्याशी फार चांगला वागला, त्याने आपली शिट्टी मला दिली. मला शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायची ड्युटी आहे.

परत येताना वाटेत मिंडा बोलली. तीन दिवसांनी. म्हणाली, त्याने तुझ्या बरगडीला पिस्तूल लावलं होतं आणि मी तुझा जीव मागत होते. तू काय मागत होतास, डोमेंग? मी गळ्यातली शिट्टी नीट करत होतो, तोवर घर आलं.

मग तिने एवढंच सांगितलं, कडी जागेवर बसव. एका हाताने वेळ लागला, पण बसवली. चार स्क्रू. ती आत गेली. यावेळी गाणं नाही.

कडी लागली. चॅक. बाहेर अगदी स्पष्ट ऐकू आलं.

नळ सोडला आहे. नळाच्या आवाजाखाली ती रडते आहे, तेही ऐकू येतं. मी दाराबाहेर उभा आहे, शिट्टी गळ्यात आहे, आणि कडी आतून आहे.