सांडलेल्या पावसाचं माप

आबा, तुमची पावसाची वही आज फळीवरून खाली काढलीय. कृषी महाविद्यालयातली एक मुलगी दोन दिवस आपल्या ओसरीवर बसून तिची पानं उतरवून घेतेय, आणि मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात बोअरच्या गाडीवर मी कुठं कुठं हिंडलो ते सांगत बसलो तर वहीचं राहून जाईल. तरी राजस्थानातल्या बाडमेरचं सांगतोच. तिथं आम्ही पाण्यासाठी भोक पाडत होतो. सकाळपासून नुसता धुरळा वर येत होता, आणि दुपारून असा पाऊस कोसळला की गाडीची चाकं बुडाली. ड्रायव्हर टपावर चढून ओरडला, "बंद कर बे मशीन, पाणी लागलं!" सगळे हसले. मला मात्र आपल्या अंगणातलं पत्र्याचं नरसाळं आठवलं. त्याच्याखाली बाटली, आणि सकाळी साडेआठला तुम्ही गुडघ्यावर बसलेले, काचेच्या मापाला डोळा लावून. आई चुलीपुढून म्हणतेय, "चहा निवला. आभाळ काय पळून चाललंय का?" आकडा लिहिल्याशिवाय तुम्ही कपाला हात लावत नाही. मोजलेलं पाणी फेकायचं नाही, कढीपत्त्याला घालायचं, हा तुमचा नेम. "मोजलं म्हणून काय झालं, पाणीच हाय ना ते?"

ही मुलगी म्हणते, तुमच्या वहीत पावसाचे दिवस कमी होत गेलेत आणि पडतो तो एका दमात पडतो. हवा तापली की जास्त वाफ धरून ठेवते, समुद्राकडून ओलावा येऊन त्यात भर पडते, आणि वर उचलणारं वारं जुळलं की सगळं एकाच गावावर रितं होतं. आपल्यासारख्या कोरड्या मुलखात ते लई डोळ्यावर येतं. पण एका वहीवरून काही ठरत नाही, म्हणून ती अशा वह्या शोधत फिरतेय. वाफेचं सोडलं तर तुम्ही हेच म्हणायचात. "पाऊस तेवढाच हाय रं, पण निवांत पडायचं इसरलाय."

मग तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "दादा, हा सगळ्यात मोठा. खरंच एवढा पडला होता?"

अक्षर माझं होतं. शाळा सोडून मी गावभर हिंडत होतो ते दिवस. तुम्ही तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आईला सोबत घेऊन परळीला गेलतात आणि दोन दिवस माप माझ्यावर सोपवलं होतं. पहिल्याच दिवशी मित्र म्हणाला, "चल बे, धर्मापुरीला जाऊन येऊ." तिथं देवळाच्या भिंतीवरल्या मूर्ती बघत बसलो, मग त्याच्या मामाकडं मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत येतो तर ओढा पुलावरून चाललेला, आणि अंगणात बाटली भरून पाणी बाहेर सांडलेलं. किती सांडलं, कुणाला ठाऊक? मी मनानंच एक मोठा आकडा लिहून टाकला.

तुम्ही डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आलात. "वाच," म्हणालात. मी वाचला. "परत वाच." आणि मग जो येईल त्याला सांगत सुटलात, "आपल्या वहीतला सगळ्यात मोठा पाऊस पोरानं मोजलाय, मी नसताना. टिपका चुकला न्हाई." मला आठवतंय तेवढं तुम्ही माझं कौतुक केलंत ते एकदाच. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. त्या कौतुकावर मी राजस्थानपर्यंत गेलो, आबा. कसं सांगणार होतो?

आज तिला सांगितलं. ती रागावली नाही. तिनं आकड्यावर बारीक रेघ मारून बाजूला लिहिलं, 'भांडं भरून सांडलं, माप कळलं नाही.' असं लिहिलेलंही कामाला येतं म्हणाली. तेवढं एक वाक्य मला तेव्हा सुचायला हवं होतं. रेघ मारताना मात्र तुमचा आवाज पुसल्यासारखं झालं.

हे पत्र कुठं टाकणार? त्याच पानात घालून वही परत फळीवर ठेवतो. अजून एक, हे तिलाही सांगितलं नाही. त्या दिवशी बाटलीतलं पाणी मी घाईघाईनं मोरीत ओतलं. कढीपत्ता दोन हातांवर होता.