सरकारी खर्चाची चौकी

१५ नोव्हेंबर १९५३
ही वही दसऱ्याला नागभीडच्या स्टेशनाबाहेर घेतली. रोज लिहायचं ठरलं होतं. आधी शाई नव्हती. शाई मिळाली तर धानकापणी लागली. मी कापत नव्हतो, पण गडबड फार. मग मंडईच्या जत्रेत दंडारीचे नाटकवाले आले, त्यांच्यामागे तीन गावं फिरलो. आज मात्र पक्की सुरुवात.
मुक्काम पिंपळबोडी, रुखमाबाईच्या घरी. विधवा बाई, तळ्याखाली धानाची एक बांधी, बैलजोडी, त्यातला एक म्हातारा. ती मला जेवू घालते. त्याबदल्यात तिच्या घरात एक शिकलेला माणूस राहतो. सातवीपर्यंत शिकलोय, परीक्षा तेवढी सोडून.
उद्यापासून पहाटे उठणे.

२० नोव्हेंबर
उठलो नाही. पण मोठी कल्पना सुचली, तेव्हा फिट्टंफाट.
पोचू कोतवाल खळ्यांवर फिरतोय. दर घरचं सूपभर धान त्याचं. त्यावर तो वर्षभर रात्रीची गस्त घालतो. पूर्वी गावचा जमीनदार, मालगुजार, काहीबाही द्यायचा. मालगुजारी गेली, आता सगळा भार गावावर. मी गुणवंतराव पाटलांना विचारलं, पोलिसांना रयतेनं का पोसायचं? सरकारकडे बजेट असतं. गावात सरकारी खर्चाची चौकी आली की सूप वाचलं. बजेट हा शब्द तीनदा वापरला. पाटील उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. पटलं असणार.
रुखमाबाईनं विचारलं, सरकार कोनाच्या खळ्यावून आनते? मी समजावलं, बजेट म्हणजे सरकारचं स्वतःचं खळं.

२७ नोव्हेंबर
अर्ज लिहिला. अडचण एकच, गावात गुन्हा नाही. मागे एक बकरी चोरीला गेली, ती आपल्या पायानं घरी आली. अशा गावाला कोण चौकी देतं? म्हणून लिहिलं, गावात दोन पार्ट्या, रोज डोकी फुटतात, जंगलात डाकू, सरकारी माणसावर दगड. सगळ्यांनी हौसेनं अंगठे दिले. शेजारचा लटारू मात्र रुसला. मी त्याला दुसऱ्या पार्टीत टाकलं, त्याला पहिली हवी होती. दिली.
सही करता येणारे पाटील आणि मी. पाटील म्हणाले, तूच पहिली कर. वळणदार केली. खाली पत्ता, रुखमाबाईचं घर.

८ डिसेंबर
अर्ज टपालपेटीत पडला एकदाचा. टाकायला निघालो होतो लगेच, पण वाटेत तळ्यावर मासे धरत होते, दोन दिवस तिथेच गेले. मग कुस्त्या.
पोचूला यंदा धान नाही असं गावानं ठरवलं. रुखमाबाईनं तरी सूप भरून त्याच्यापुढे ठेवलं. तत्त्वाचा प्रश्न होता, मी ते परत उचलायला लावलं. पोचू भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, आता रातच्यानं आवाज कोन देईन?"
सरकार, मी म्हणालो.
काठी पाटलांच्या ओसरीला टेकवून तो बायकोसह निघून गेला. कुठे, कोणी विचारलं नाही.

१८ डिसेंबर
गाव झोपत नाही. गंमत आहे, पोचू रात्रभर 'जागते रहो' ओरडायचा आणि सगळे घोरायचे. आता ओरडणारा नाही, तर जो तो कान देऊन जागा. कुत्री जंगलाकडे तोंड करून भुंकतात आणि मध्येच सगळी एकदम थांबतात. ते थांबणं वाईट. रुखमाबाई उशाला विळा घेते.
एके रात्री मीच आवाज द्यायला निघालो. चावडीपर्यंत गेलो. आवाज निघाला नाही. सर्दी असावी.

९ जानेवारी १९५४
चौकशी आली! जमादार आणि दोन शिपाई. डाकूंचं काहीच विचारलं नाही. घरं मोजली, बैलजोड्या मोजल्या, कणग्यांत हात घालून पाहिलं. लटारूचा गुरांचा कोठा दोरीनं मापला. याला म्हणतात सरकारी काम, मुळापासून. मी सगळी माहिती दिली. ज्यांनी बैल जंगलात चरायला पाठवले होते, त्यांचेही सांगितले.
जमादारानं घरोघरी विचारलं, इथे सगळं ठीक आहे म्हणणारा कोणी आहे का? एकही निघाला नाही. आधीच पढवून ठेवलं होतं. तो कोणाच्या डोळ्यांकडे पाहत नव्हता. चहाही घेतला नाही. प्रामाणिक माणूस.

२ फेब्रुवारी
मंजूर! तहसिलीतून आलेल्या दवंडीवाल्यानं चावडीवर हुकूम वाचला. एक जमादार, आठ शिपाई, दोन वर्षं. आपण दोन मागितले, नऊ आले. लटारूनं मला खांद्यावर घेतलं. दवंडीवाला पुढे आणखी काही वाचत होता, पण ते कायद्याचं होतं आणि आम्ही तोवर मारुतीपर्यंत पोचलो होतो.
रुखमाबाई शेवटपर्यंत ऐकत उभी होती. घरी येऊन पाहतो तर बियाण्याचं धान काढून मोजत बसलेली. विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

४ फेब्रुवारी
पाटलांनी बोलावलं. बस म्हणाले नाहीत.
असा एक कायदा आहे म्हणे. जे गाव दंगेखोर ठरतं, तिथे जादा पोलीस बसवतात आणि त्यांचा खर्च त्याच गावावर. पगार, बूट, कंदिलाचं तेल, सगळं. घरामागे आणि बैलजोडीमागे वाटणी. नाही दिलं तर बैल जप्त. म्हणजे बजेटात आपण नाही, आपणच बजेट.
मी म्हणालो, सोपं आहे, गाव शांत आहे असा दुसरा अर्ज करतो. पाटील म्हणाले, "अंगठे तेच. कोनता अर्ज खरा म्हनून सांगशीन?"
लटारूनं बाहेर गाठून विचारलं, आता मले कोनत्या पार्टीत टाकतं? हसला नाही.

१० फेब्रुवारी
विहिरीवर मी गेलो की बोलणं थांबतं, त्या कुत्र्यांसारखं. अंगणात कोणीतरी दगड टाकला. एकच.
दुसरा अर्ज 'मेहेरबान साहेब' इथपर्यंत झाला. शाई संपली.
आता ठाम निर्णय. उद्या पहाटे जिल्ह्याच्या गावी चांद्याला जाऊन साहेबांना स्वतः भेटणार. नाही भेटले तर नागपूर. तिथून पुढे गरजेप्रमाणे. पळणं वेगळं, हे वेगळं. रुखमाबाईला सांगितलं, तुमचं बियाणं मी वाचवतो. ती म्हणाली, "जाशीन तं जेवून जा."

११ फेब्रुवारी, सकाळ
पहाटे उठणं जमलं नाही. तरी गाठोडं तयार आहे. पोलीस यायला अजून आठवडा, घाई नाही. भाकर खाल्ली की निघतो.
आत्ताच रुखमाबाई आत आली. म्हणाली, तहसिलीतून वसुलीवाला आला आहे. कोणाच्या खळ्यावर किती पिकतं ते ठाऊक असलेला माणूस तिकडे हवाच होता. अर्जावर पहिली सही ज्याची, त्याच्या घरापासून सुरुवात. आणि घरात आता दोन माणसं, दोन बिऱ्हाडं धरली, म्हणून घराचे वाटे दोन.
मी विचारलं, जमादार आहे का?
तिनं भिंतीवरचं सूप काढलं.
"पोचू हाय. खाकी घालून आला."